बिनपावसाच्या देशाला छत्र्या

काडीमास्तरांना खरं नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर छापून येई. बाकी सगळ्यांना ते काडीमास्तरच. छत्रीच्या काड्या हा त्यांचा धंदा आणि अंगकाठीही अशी, की वारा सुटला तर लोकांनी आधी मास्तरांना धरावं आणि मग छत्रीला. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. मास्तर ही पदवी त्यांना मिळाली ती चुका काढण्याबद्दल. शिवून झालेली छत्री हातात घ्यायची, खटका दाबून फटकन उघडायची, खिडकीतल्या उजेडासमोर धरून गरागरा फिरवायची आणि मान हलवायची. मान आडवी हलली की ती छत्री उसवायला परत. त्यांच्या मनासारखी छत्री अजून कुणाच्या हातून झालीच नव्हती, वडिलांच्याही नाही, असं ते खासगीत कबूल करत.

कारखाना म्हणजे सायकल-दुरुस्तीच्या दुकानावरची एक लांबट खोली. जिना इतका अरुंद की वर येणाऱ्याने आधी हाक मारून वाट मोकळी आहे का विचारायचं. खिडक्यांच्या कडेने शिलाई मशीनं, मधे कापड बेतायचं टेबल, भिंतीशी वेताच्या मुठी वाकवायचे साचे, आणि कोपऱ्यात प्लायवूड ठोकून केलेली एक खोपटी. तिला मास्तर ऑफिस म्हणत. मशीनवर पाच-सहा बायका असत आणि त्यांच्या टोकाला, सगळ्यात जास्त उजेड येईल अशा जागी, मास्तरांची थोरली बहीण अक्का.

अक्काने लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची वेळही निघून गेली होती. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून ती काड्यांना कापड टाचायची, मग मशीनवर बसली ती बसलीच. कारखान्यामागची छोटी खोली तिची. तिथून उठून मशीनवर यायचं आणि मशीनवरून उठून तिथे जायचं, एवढंच तिचं जग. कुणी कीव करायला गेलं तर ती म्हणे, "तुला रोज बसचे धक्के खात कामाला जावं लागतं, मला चपलाही लागत नाहीत." मेण लावायचं काम मात्र तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी करायचं नाही, असा वडिलांपासूनचा शिरस्ता.

हे मेणाचं नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापायीच झालं. मधमाशीचं मेण आणि जवसाचं तेल मंद आचेवर एकत्र करायचं, कोमट असतानाच कापडाच्या बोळ्याने छत्रीवर चोळायचं आणि छत्री उघडी ठेवून वाऱ्यावर सुकवायची. मग ती उलटी टांगून तिच्यात तांब्याभर पाणी ओतायचं. सकाळपर्यंत खाली थेंब दिसला नाही तर ती छत्री, नाहीतर ते नुसतं कापड. वडिलांचा नियम असा की छत्र्या वर्षभर शिवा, पण मेण अगदी शेवटी, आभाळ भरून यायला लागलं की. उन्हाळाभर कोऱ्या छत्र्या माळ्यावर पडून असत. जुनी गिऱ्हाईकंही आपापल्या छत्र्या त्याच सुमाराला मेण द्यायला आणत आणि पाऊस संपला की घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात टांगून ठेवत. म्हणजे बघा, दोन पिढ्यांच्या धंद्यात मेण लावलेली छत्री उन्हात कधी गेलीच नव्हती. उन्हात छत्री धरणारे लोक बाजारातली रंगीत, तीन घड्यांची, स्वस्तातली छत्री धरत. तिच्याकडे मास्तर बघतसुद्धा नसत.

त्या तीन घड्यांच्या छत्रीने त्यांचा घात केला होता. पिशवीत मावते, मोडली की फेकून देता येते आणि तोंडाला रंग फासल्यासारखी दिसते, हे मास्तरांचं मत. लोकांचं मत वेगळं होतं आणि गिऱ्हाईक होतं ते लोकांकडे. वर्षातले आठ महिने मशीनं झाकलेली राहू लागली. बायका निम्म्या दिवसावर आल्या. मास्तरांनी मनाशी ठरवलं होतं, एवढं एक वर्ष बघायचं. काही जमलं नाही तर मशीनं विकायची आणि खोली सोडायची. मग अक्काने कुठे जायचं, या प्रश्नाशी ते रोज येत आणि तिथून परत फिरत. हे सगळं त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं आणि कारखान्यात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

अशा वेळी समुद्रापलीकडून बोलावणं आलं.

तिकडे एक देश होता. जमिनीला भोक पाडलं की तेल, आणि तेल म्हणजे पैसा. पण तेल काही जन्माला पुरत नाही, हे त्या लोकांच्या लक्षात आलं होतं. तेलाखेरीज दुसरंही काही असावं म्हणून त्यांनी बागा काढल्या, संग्रहालयं बांधली, समुद्राच्या काठाने मैलोन्मैल फिरायचा रस्ता केला. जगभरच्या पाहुण्यांनी यावं, हिंडावं, राहावं. सगळं झालं, पण ऊन कुठे नेणार? पाहुणा शंभर पावलं चालला की गाडी शोधायचा. तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की फाटकावर प्रत्येकाला एक छत्री द्यावी आणि पलीकडच्या फाटकावर परत घ्यावी. छत्री चांगली हवी, लाकडी दांड्याची, हाताने केलेली, फोटोत शोभेल अशी.

मास्तरांची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिने आजोबांच्या वेळच्या एका छत्रीचा फोटो कुठल्याशा व्यापाऱ्यांच्या वेबसाईटवर टाकला होता आणि विसरून गेली होती. तिकडच्या खरेदी खात्यातल्या बाईंनी तो पाहिला, नमुना मागवला. अजून मेणाचे दिवस नव्हते, म्हणून वाळूच्या रंगाच्या कोऱ्या कापडाच्या दोन छत्र्या विमानाने गेल्या. बाईंचा निरोप आला की फार आवडल्या. त्यांनी मागणी दिली ती ऐकून मास्तर खोपटीतल्या खुर्चीवर बसले आणि थोडा वेळ उठलेच नाहीत. एवढ्या छत्र्या त्यांच्या कारखान्याने सबंध पाच वर्षांत केल्या नव्हत्या. शिवाय बाईंनी म्हटलं होतं, या नीट पोचल्या तर दरवर्षी.

"एकच सांगितलंय त्यांनी," मुलगी फोनवर म्हणाली. "कापडावर काही लावू नका. कोरं कापड. हलकी हवी, सावली पडली म्हणजे झालं."

"मेण नाही?"

"नाही."

त्या दिवसापासून मास्तरांचं जेवणात लक्ष लागेना. छत्र्या शिवल्या जात होत्या, बायका पूर्ण दिवसावर आल्या होत्या, जिन्यावर पुन्हा वर्दळ होती, आणि हा माणूस उजेडासमोर छत्री फिरवताना आजारी असल्यासारखा दिसे. शेवटी एका रविवारी मुलगी घरी आली असताना त्यांनी तोंड उघडलं.

"पाणी गळणारी छत्री आपल्या कारखान्यातून गेलेली नाही कधी."

"बाबा, तिथे पाऊस पडत नाही."

"पडला तर?"

"नाही पडत. म्हणून तर ते छत्र्या मागवतायत."

"अगं, पण पडला तर? एखादा म्हातारा माणूस असेल, हातात आपली छत्री, आणि डोक्यावर धार लागली. तो काय म्हणेल? कुणी केली ही?"

मुलीने अक्काकडे पाहिलं. अक्का सुईत दोरा ओवत होती. "नको म्हणतात तर नको," ती म्हणाली. "माझेही हात वाचतील. एवढ्यांना मेण लावायचं म्हणजे काय थट्टा आहे?"

"लावायचं," मास्तर म्हणाले. "त्यांना सांगायचीही गरज नाही. वरचं काही मागत नाही आपण. चांगलंच देतोय ना?"

चांगलं देतो म्हणणाऱ्या माणसाचा हात धरता येत नाही. अक्काने मोठं पातेलं चुलीवर चढवलं. गल्लीभर मेणाचा आणि तेलाचा वास सुटला आणि लोक चुकून आभाळाकडे बघू लागले. तिची बोटं सुजली, रात्री ती हात गरम पाण्यात बुडवून बसे, पण सकाळी पुन्हा बोळा हातात. मास्तरांचा चेहरा मात्र खुलला. प्रत्येक छत्री आता फिरवली की त्यांची मान उभी हलू लागली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला तरी शाबासकी दिली, आणि ज्या बाईला दिली ती घाबरून शिवण पुन्हा तपासत बसली.

छत्र्या मिटून, डझनाडझनाच्या जुड्या करून, कागदात गुंडाळून खोक्यांत दाबून भरल्या. सायकलवाल्यासकट सगळी गल्ली खोकी उतरवायला आली. माल बंदरावर पोचवून जहाजावर चढवून द्यायचं काम एका एजंटाकडे होतं. त्याला सगळे बंदरवाला म्हणत. लठ्ठ, बोलका, बारा गावचं पाणी प्यायलेला. त्याने जाताना एक छत्री मागून घेतली, आठवण म्हणून. कंटेनरचं दार बंद झालं, त्याला सील लागलं आणि दोन दिवसांनी जहाज निघाल्याचा मेसेज आला. मास्तरांनी बायकांना सुट्टी दिली नाही. पुढच्या वर्षाची मागणी येणारच, कापड बेतायला घ्या, म्हणाले.

जहाज अर्ध्या वाटेवर असेल, तेव्हा बंदरवाला जिन्यातून हाका मारत वर आला.

"मास्तर, ही तुमची छत्री उघडेना हो. गाडीत मागच्या काचेशी पडली होती. कसला खटका बसवलात?"

मास्तरांनी छत्री हातात घेतली. खटका ठीक होता. त्यांनी दांड्यावरचं कडं वर सारलं, पण कापड काही हलेना. घडीवर घडी अशी बसली होती की सगळं मिळून एकच काठी वाटावी. त्यांनी बोटाने एक घडी सोडवायचा प्रयत्न केला, तर कापड काडीपासून फाटत आलं आणि बोटाला वितळलेलं चिकट मेण लागलं.

"गाडी कुठे उभी होती?" त्यांनी विचारलं.

"कुठे म्हणजे? उन्हात. सावली काय माझ्या वडिलांनी ठेवलीय?"

बंदरवाला हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि स्वतः उभेच राहिले. मग मेण लावून मागे उरलेल्या छत्र्यांची एक जुडी त्यांनी पत्र्याच्या पेटीत घातली आणि सायकलवाल्याच्या दुकानामागच्या उघड्या जागेत ती पेटी दुपारभर ठेवली. बायका विचारत होत्या काय चाललंय. ते म्हणाले, वाळवी लागलीय, ऊन दाखवतोय. संध्याकाळी पेटी उघडली. बाराची जुडी उरली नव्हती, एक ओंडका झाला होता.

आता हे असं दुःख आहे की ते कुणाला सांगावं हेही कळत नाही. घर जळालं तर लोक धावत येतात. इथे अजून काही झालंच नव्हतं. खोकी जहाजात होती, जहाज पाण्यावर होतं, पाणी निळं होतं. होणार होतं ते पुढे, आणि काय होणार हे सबंध जगात एकट्या मास्तरांना दिसत होतं.

"कंटेनर जहाजावर कुठे ठेवलाय? वर की खाली?" त्यांनी दुसऱ्या दिवशी बंदरवाल्याला विचारलं.

"वर असला तर वर, खाली असला तर खाली. ते आपल्याला कोण सांगतंय?"

"त्यांना सांगून जरा खालच्या बाजूला, थंड जागी..."

"मास्तर, जहाज म्हणजे काय रिक्षा आहे? जरा बाजूला घे रे, सावलीत लाव, म्हणायला?" मग मास्तरांचा चेहरा बघून तो नरमला. "अहो, तिथे हजारो कंटेनर असतात. तुमचा एक. तो बाहेर काढायचा तर वरचे वीस काढावे लागतील. कुणी नाही ऐकायचं. मीही नाही ऐकलं कधी कुणाचं."

मुलीने जहाज कुठे पोचलं ते दाखवणारा नकाशा मोबाईलवर लावून दिला होता. पोचल्याचा आनंद बघता यावा म्हणून तिने तो दिला होता. मास्तर आता दर तासाला तो उघडत. निळ्यावर एक ठिपका. तो पुढे सरकला की ते उठून येरझाऱ्या घालत आणि थांबला की आणखी जोरात घालत. त्याच मोबाईलवर त्या शहराचं हवामानही दिसे. सूर्याचं चित्र, खाली आकडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा सूर्याचंच चित्र. जन्मभर पावसाच्या ढगावर पोट भरलेला हा माणूस परक्या देशाच्या आभाळात एखादं अभ्र तरी दिसतं का ते शोधत बसे.

"बाबा, त्यांना सांगून टाका," मुलगी रोज फोनवर म्हणे; तिला एकटीला त्यांनी सांगितलं होतं.

"सांगितलं तर न उघडताच नको म्हणतील."

"आणि उघडल्यावर?"

"कदाचित आतली खोकी वाचतील. मधली. बाहेरची गेली तर गेली."

तिला हे पटलं नाही, आणि खरं म्हणजे त्यांनाही पटलं नव्हतं. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि यांचा तर धंदाच काड्यांचा. बाहेर मशीनं चालू होती. बायका पुढच्या वर्षाच्या छत्र्यांच्या कापडी पाकळ्या जोडत होत्या, त्यात गप्पा, हसणं. एकीने मुलाला घालायला शिकवणीच्या वर्गाची चौकशी केली होती, कारण आता काम बारमाही झालं. मास्तरांना वाटे, बाहेर जावं आणि सांगावं, थांबा. पण काय म्हणून थांबवणार? जहाज अजून समुद्रात होतं.

जहाज बंदराजवळ आल्यावर मात्र त्यांचा धीर सुटला. मुलगी सुट्टी काढून आली, तिने फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. खरेदीबाईंचा आवाज मऊ होता. मुलीने तिकडच्यांना समजेल अशा भाषेत सगळं सांगितलं. मग पलीकडून एक प्रश्न आला आणि मुलीने तो वडिलांकडे वळवला.

"त्या विचारतायत, लेप नको म्हणून कळवलं होतं ना?"

"हो म्हण."

"मग का दिला, विचारतायत."

दोन पिढ्या, वडील, तांब्याभर पाणी, एवढं सगळं कुठल्या भाषेत घालायचं? "पाऊस आला तर म्हणून," ते अखेर म्हणाले. मुलीने सांगितलं. पलीकडे बाई हसल्या. वाईट नव्हतं हसणं. लहान मूल काही बोललं की आपण हसतो तसं. त्या म्हणाल्या, काळजी करू नका, माल सुटला की थेट थंड गोदामात नेऊ, हळूहळू उघडू.

त्या एका वाक्यावर मास्तर दोन दिवस नीट जेवले. मग कळलं की माल सुटतच नाही. छत्र्यांना लाकडी दांडे, आणि लाकूड म्हटलं की तिकडे कीड आहे का ते बघितल्याशिवाय बंदराबाहेर जाऊ देत नाहीत. तपासनीस कमी, माल फार. सगळ्या जगाने त्या देशाला काही ना काही विकायला काढलं होतं. कंटेनर यार्डात रांगेत उभा होता.

"यार्डाला छप्पर आहे का, विचार," मास्तर म्हणाले.

मुलीने विचारलं. नव्हतं.

बाईंनी दोनदा रदबदली केली, तीही फुकट गेली. माझ्या हातात नाही, त्या म्हणाल्या. बंदरवाल्याने आपल्या ओळखीच्या माणसाला फोन केला. त्याच्याही हातात नव्हतं. मास्तरांच्या हातात तर आता मोबाईलही ठरत नव्हता; ते तो टेबलावर पालथा ठेवत, पुन्हा सरळ करत. सूर्याचं चित्र, खाली आकडा. अक्का एकदा खोपटीच्या दारात आली. सुजलेली बोटं अजून पुरती उतरली नव्हती.

"पोचल्या का रे?"

"पोचल्या. बंदरात आहेत."

"मग तोंड असं का?"

"झोप नाही झाली."

तिने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "मेण जास्त झालं का?" तिने विचारलं.

"नाही गं. तुझं काही नाही," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. ती गेली. मास्तरांना मोठ्याने रडावंसं वाटलं. त्यांनी टेबलावरचे खटके मोजले आणि मोजून झाल्यावर पुन्हा मोजले.

बाईंचा फोन आला तो भर कामाच्या वेळी. मुलगी अजून इथेच होती. दोघं खोपटीत दार लावून बसली. बाईंनी आधी खेद व्यक्त केला आणि त्यावरूनच सगळं कळलं. पहिल्या काही खोक्यांत हात घातला, जुड्या दगडासारख्या लागल्या. दोन-चार छत्र्या ओढून पाहिल्या, कापड फाटलं.

"मधल्या खोक्यांचं काय, विचार."

"मधली उघडली नाहीत, बाबा. पहिली खराब निघाली की सगळा माल नापास, असा त्यांचा नियम आहे."

"म्हणजे मधल्या चांगल्या असतील."

"असतील."

"मग उघडा म्हण त्यांना."

मुलीने विनवणीच्या सुरात काहीतरी म्हटलं. पलीकडून उत्तर आलं ते मऊच होतं. मुलगी वडिलांकडे न बघता सांगू लागली. "त्या म्हणतायत, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यांचं काही अडलं नाही. त्यांनी आणखी दोन ठिकाणांहून मागवल्या होत्या. तीन घड्यांच्या. त्या फाटकावर लागल्यासुद्धा. लोक खूश आहेत."

त्यांचं काही अडलं नाही. मास्तरांना शिवी दिली असती तरी इतकी लागली नसती. एखाद्याने आपलं सगळं पणाला लावावं आणि समोरच्याने म्हणावं, काही हरकत नाही.

आता एवढंच उरलं होतं, की माल परत आणायचा की तिथेच मोडीत काढायचा. परत आणण्याचं भाडं छत्र्यांच्या किमतीहून जास्त होतं, हे बंदरवाल्याने आधीच सांगून ठेवलं होतं. मोडायचं तर माल पाठवणाऱ्याने तसं स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं; बंदराच्या कचेरीत त्याचा आवाज नोंदवून ठेवतात. बाईंनी तिथला एक अधिकारी फोनवर जोडून घेतला.

"आपल्या भाषेत सांगा," मुलगी म्हणाली. "मी त्यांना समजावते. नुसतं म्हणा, माझी हरकत नाही, माल मोडा."

मास्तर फोनजवळ वाकले. प्लायवूडच्या पलीकडे मशीनांची घरघर चालू होती. "मोडा," ते अगदी हळू म्हणाले.

फोनमधून खरखर झाली. अधिकारी काहीतरी बोलला.

"ऐकू नाही आलं म्हणतोय. आवाज तुटतोय."

"माझी हरकत नाही. मोडा."

पुन्हा खरखर. अधिकाऱ्याचा प्रश्न पुन्हा, जरा चढ्या आवाजात. मुलीने ओठ दाताखाली धरले होते. "मोठ्याने बोला म्हणतोय, बाबा. आणि काय मोडायचं ते सांगायला हवं. थोड्या की सगळ्या."

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. दार लावलेलं होतं, पण त्या दाराला आणि त्या भिंतीला काय अर्थ होता? इतके दिवस ज्यांच्यापासून त्यांनी हे लपवलं त्या बायका चार हातांवर बसल्या होत्या. फोन घेऊन खाली रस्त्यावर जावं असं त्यांच्या मनात आलं, पण लाईन तुटली तर तो माणूस पुन्हा कधी मिळणार? अधिकाऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"छत्र्या मोडा," मास्तर ओरडून म्हणाले. "आमच्या छत्र्या. एकूण एक. सगळ्या मोडून टाका."

पलीकडून हे मात्र स्वच्छ ऐकू गेलं. अधिकाऱ्याने आभार मानले आणि फोन बंद झाला.

बाहेर दाराजवळचं मशीन थांबलं, मग त्याच्या पलीकडचं. एकामागून एक मशीनं थांबत खिडकीपर्यंत गेली आणि शेवटी एकटं अक्काचं मशीन चालू राहिलं. शिवण अर्धी सोडायची तिला सवय नव्हती. तिने ती पाकळी टोकापर्यंत नेली, दोरा तोडला, आणि मग तेही थांबलं.